एक नंबरची दुनळी

१

सिरिल मॅडॉक्स गेला त्या सकाळी त्याच्या बहिणीनं दोन बार ऐकले. पहिला कुठल्याही बंदुकीसारखा, वाळकी फांदी मोडावी तसा. दुसरा वेगळा होता. एनिड मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. तिला वाटलं, कुणीतरी लोखंडी फाटक आपटलं. हातातले चिमटे एप्रनच्या खिशात टाकून ती सफरचंदाच्या बागेकडे चालत निघाली. धावली नाही, कारण धावण्यासारखं काही झालं असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

बागेच्या टोकाला कुंपणापाशी सिरिल उताणा पडला होता. डाव्या हाताला बोटं उरली नव्हती. मानेत लोखंडाची एक चीप घुसली होती. शेजारी गवतात त्याची दुनळी पडलेली, आणि तिची डावी नळी मक्याचं कणीस सोलावं तशी उलगडलेली.

तीन आठवड्यांनी चौकशी झाली. पोलीस सार्जंटनं सांगितलं की मयत हा नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेला इसम. जुन्या बंदुका जमवायचा नाद त्याला जेमतेम चौदा महिन्यांचा. त्या दिवसाआधी त्यानं एकाही बंदुकीचा बार काढलेला नव्हता. जमीन ओली होती. नळीचं तोंड चिखलात टेकलं असणार, आणि तसाच बार काढला असणार. निकाल लागला तो असा: स्वतःच्या हयगयीनं ओढवलेला अपघाती मृत्यू. इंग्लंडमधल्या लडलोजवळच्या त्या लहानशा गावात यावर कुणी वाद घातला नाही. पबमध्ये लोक हळहळले आणि म्हणाले, नवशिक्या होता बिचारा.

हा ‘नवशिक्या’ शब्द एनिडला लागला. पोलिसांनी बंदूक परत केली त्याच गुरुवारी ती घोंगडीत गुंडाळून घेऊन एनिड अँब्रोज टँडीच्या दारात उभी राहिली.

टँडी त्र्याहत्तर वर्षांचा होता. त्यातली सेहेचाळीस वर्षं त्यानं बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांच्या गल्लीत नळ्या घासण्यात घालवली होती. बायको गेल्यावर लेक-जावयाच्या जवळ राहावं म्हणून तो इकडे दोन खोल्यांत येऊन राहिला. दोन वर्षांपासून त्याच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक राखाडी डाग बसला होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. एनिडचे कान आणि टोपी त्याला दिसली, चेहरा नाही.

“तुम्ही त्याला शिकवलंत,” एनिड म्हणाली. “मला दुसरं काही नको. चूक त्याची होती का, तेवढं सांगा.”

टँडीनं बंदूक मांडीवर घेतली आणि फाटलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. मग त्यानं सांगितलं की चिखलानं नळी तुंबली तर ती फाटण्याआधी फुगते, त्या जागी कड्यासारखा गोल फुगवटा येतो. इथं फुगवटाच नव्हता. नळी कागदासारखी फाटली होती.

कपाटातून त्यानं जाडी मोजायचं माप काढलं, न फुटलेल्या उजव्या नळीत सरकवलं आणि काटा वाचायला एनिडला सांगितलं. एनिड तबकडी नीट बघून म्हणाली, “चौदा.”

“पुन्हा बघा.”

“चौदा. इथं पुढे तेरा.”

इंचाच्या हजाराव्या भागाला कारागीर ‘थाऊ’ म्हणतात. वीस थाऊच्या खाली गेलेल्या नळीचा बार कुणी शहाणा माणूस काढत नाही. ही बंदूक सिरिलनं घेतली तेव्हा टँडीनं स्वतः मोजली होती, याच टेबलावर, आणि एकोणतीस सांगितले होते. म्हणजे त्याला तरी तसं वाटत होतं. काटा त्या वेळी त्यानंच वाचला होता, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून.

आणि सिरिलच्या हातात ती दोन काडतुसं ठेवणाराही तोच होता.

२

एनिडला त्यानं काहीच सांगितलं नाही. फक्त सिरिलची वही आणायला सांगितली, आणि ती घेऊन एनिड त्याच दुपारी परत आली.

त्या वहीत बहुतेक टँडीचेच शब्द होते. चौदा महिन्यांपूर्वी सिरिल पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या काखेत एक बंदूक होती आणि चेहऱ्यावर लग्न ठरलेल्या मुलाचा आनंद. व्हेझी नावाच्या लिलाववाल्याकडून त्यानं ती उचलली होती. कोरीव काम बघून भुललेला. टँडीनं तिच्या नळ्या एका बोटावर टांगून नखानं टिचकी मारली. चांगल्या नळ्या घंटेसारख्या वाजतात. या फुटक्या मडक्यासारख्या वाजल्या. तो म्हणाला, “भिंतीवर लाव आणि दुरून बघ.” दुसरा कुणी असता तर रागावला असता. सिरिलनं खिशातून वही काढली आणि विचारलं, “टिचकी नेमकी कुठं मारायची?”

तेव्हापासून दर मंगळवारी तो यायचा. नळीत उजेडाकडे बघताना सावलीची कडी वाकडी दिसली तर नळीला पोचा आहे. बंदुका तपासणाऱ्या चाचणीगृहाचे शिक्के नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूला बघायचे. दस्त्याचं लाकूड कितीही देखणं असलं तरी ते शेवटी बघायचं. सगळं वहीत उतरायचं. बायको-मुलं नसलेला, आयुष्यभर दुसऱ्यांनी मोजलेल्या डोंगरांच्या रेघा काढत बसलेला हा माणूस साठीनंतर कशाच्या तरी प्रेमात पडला होता. टँडीलाही मंगळवारची वाट बघायची सवय लागली.

फेब्रुवारीत त्याला व्हेझीकडेच ही दुनळी मिळाली. नव्वद वर्षांची, बर्मिंगहॅमची, दमास्कस नळ्यांची. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेल्या नळ्या. अंगावर लाटांसारखी नक्षी. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर सोन्याचा ‘एक’ होता. कुणा जमीनदारानं कधीकाळी जोडी करून घेतली होती, त्यातली ही पहिली.

“फेब्रुवारीचं पान काढा,” टँडी म्हणाला. “नळ्यांची जाडी लिहिलेली असेल.”

एनिडनं वाचलं: “उजवी नळी. अँब्रोजनं वाचलं एकोणतीस. त्याचे डोळे बरे नाहीत म्हणून तो शेगडीकडे गेल्यावर मी पुन्हा वाचलं. एकोणतीस. डावी सत्तावीस. दोन्ही वेळा त्याचं बरोबर.”

टँडीला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगोलग त्या सुटकेची लाज वाटली. माणूस मेला होता आणि आपण आपली मापं बरोबर निघाली म्हणून श्वास सोडत होतो.

पण मग पंधरा थाऊ लोखंड गेलं कुठं? बंदूक घेतल्यानंतर कुणीतरी नळ्या आतून घासल्या म्हणावं, तर त्याला कारण काय? सिरिलच्या नळ्या फेब्रुवारीतच आतून आरशासारख्या होत्या, घासून काढावा असा एक खड्डाही त्यांत नव्हता.

एनिडनं पान उलटलं. पुढच्या दोन पानांवर सिरिलनं पातळ कागद चिकटवले होते. उजव्या नळीची नक्षी, खजिन्यापासून, म्हणजे काडतूस बसतं तिथून, पुढे वीतभर, त्यानं रेघ न् रेघ छापून घेतली होती, नकाशावर डोंगरउतार दाखवतात तशी. दमास्कसची नक्षी माणसाच्या अंगठ्यासारखी असते, एकीची दुसरीत सापडत नाही, हे त्याला टँडीनंच सांगितलं होतं. एका जागी लोहाराचा हात चुकून रेघांचा गोळा झाला होता. त्याखाली सिरिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: एनिडचं बेट.

“माझं नाव कशाला?” एनिड म्हणाली. लहानपणी ती रुसली की पोटमाळ्यावर जाऊन बसायची आणि सिरिल खालून ओरडायचा, बेटावर बोट पाठवू का. हे तिनं टँडीला सांगितलं नाही.

तिनं कागद उचलून उजव्या नळीवर धरला, पुढे सरकवला, मागे सरकवला, उलटा करून बघितला. मग खिडकीपाशी जाऊन पुन्हा बघितला.

“टँडी, यावर बेट नाहीये.”

३

टँडीनं नळ्या पालथ्या करून सपाट बाजूवरचा नंबर अंगठ्याच्या नखानं चाचपला. पाच, आठ, एक, सहा. पहिले तीन आकडे झिजून उथळ झाले होते. सहाच्या खाचेत नख अडलं. तो नवा होता. खाली जिथं नळ्या बंदुकीच्या सांगाड्यात बसतात तिथं बारीक कानशीचे ताजे ओरखडे लागले.

म्हणजे नळ्या घासल्या नव्हत्या. बदलल्या होत्या. शेवटचा आकडा भरून काढून पुन्हा ठोकलेला, पट्टीवरचं सोनं बदललेलं, आणि परक्या नळ्या या सांगाड्यात अशा बसवलेल्या की बंदूक मिटल्यावर फटीत केस मावू नये.

“हे कुणाला जमेल?” एनिडनं विचारलं.

“बऱ्याच जणांना,” टँडी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं व्हेझीच्या दुकानात गेली. व्हेझी गुळगुळीत माणूस होता. बोलताना सारखी टायची गाठ चाचपायचा. सिरिलला पहिली बंदूक गळ्यात मारल्याचं त्यानं हसून कबूल केलं. म्हणाला, नवीन माणूस पहिल्या बंदुकीत फसतोच, त्यालाच आम्ही शाळेची फी म्हणतो. पण एक नंबरच्या दुनळीला विकल्यानंतर आपलं बोटही लागलं नाही, असं तो शपथेवर सांगायला तयार होता. त्याच्याकडे कानससुद्धा नव्हती. टँडीला ते खरं वाटलं, कारण व्हेझीचे हात त्यानं हातात घेतले तेव्हा ते लोण्यासारखे होते.

जोडीतली दुसरी कुठं आहे, हे मात्र व्हेझीला ठाऊक होतं. नंबर पाच हजार आठशे सतरा, कर्नल ऑर्मरॉडकडे. जोडी पुरी व्हावी म्हणून कर्नलनं सिरिलकडे तीनदा माणूस पाठवला होता, तिन्ही वेळा सिरिलनं नाही म्हटलं.

“कर्नलला नकार ऐकायची सवय नाही,” व्हेझी म्हणाला आणि बाहेर सोडायला आला तेव्हा सहज बोलून गेला, “मला एकच कळत नाही. सिरिल काही बार काढणाऱ्यातला नव्हता. त्याला हे सुचलं कसं?”

टँडी पायरी चाचपत उतरला. उत्तर त्याच्याकडे होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी तोच म्हणाला होता, बंदूक वाजवली नाहीस तर ती तुला कळलीच नाही सिरिल. भिंतीवर टांगायला काय, कॅलेंडरही टांगता येतं. मग खणातून हलक्या भाराची दोन काडतुसं काढून त्यानं सिरिलच्या तळहातावर ठेवली होती. सिरिल घाबरला होता. टँडी त्याच्यावर हसला होता.

त्याच शुक्रवारी दुपारी कर्नलनं त्यांना आपल्या बंदुकांच्या खोलीत नेलं. तो मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस निघाला. सिरिलनं नकार दिला म्हणून राग धरला होता का, असं एनिडनं सरळच विचारलं. कर्नल म्हणाला की राग आला होता, पण मग त्या माणसानं दोन पानी पत्र पाठवलं, ही बंदूक आपल्याला का सोडवत नाही याचं. ते वाचल्यावर चौथ्यांदा विचारायची आपल्याला लाज वाटली. पत्र त्यानं जपून ठेवलं होतं.

दोन नंबरची दुनळी त्यानं स्वतःच काढून टँडीच्या हातात दिली. हंगामात दर शनिवारी तो हिनंच तितर मारायचा.

टँडीनं नळ्या उतरवून बोटावर टांगल्या आणि टिचकी मारली. स्वच्छ, लांब नाद घुमला. तो नाद त्यानं फेब्रुवारीत ऐकला होता. त्यानं नळ्या एनिडकडे दिल्या. ती खिडकीशी गेली, पिशवीतून पातळ कागद काढून नळीवर ठेवला आणि तो तिला हलवावाही लागला नाही. रेघेवर रेघ बसली. एनिडचं बेट कर्नलच्या बंदुकीवर होतं.

“कुणाच्या हातची दुरुस्ती आहे ही?” टँडीनं विचारलं.

कर्नलला गंमत वाटली. “मला काय विचारता? तुमचाच जावई की. आत गंजून खड्डे पडले होते, मे महिन्यात त्याच्याकडे टाकली, नव्यासारखी करून दिली. हुन्नरी पोरगा आहे. तुमच्या तालमीतला, दिसतंच.”

४

बसथांब्यावरच्या बाकावर दोघं बसची वाट बघत बसली. बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींच्या रिकाम्या वाफ्यांवरून वारा येत होता.

“तुम्हाला आधीच माहीत होतं,” एनिड म्हणाली.

“नंबरावर नख अडलं तेव्हापासून.”

“मग इथवर कशाला आलात?”

“चुकलो असेन म्हणून.”

एनिडनं वही उघडली. जून-जुलैची पानं तिनं काल रात्री वाचली होती; टँडीनं ती मागितली नव्हती. आता तिनं एक उतारा मोठ्यानं वाचला. “दस्त्याला चीर गेली म्हणून अँब्रोजच्या सांगण्यावरून दुनळी ग्लिन प्रॉसरकडे दिली होती, ती आज आली. चीर दिसतसुद्धा नाही. नळ्यांनाही त्यानं नवा रंग दिलाय. नक्षी मला वेगळी वाटली. कागद ठेवून बघितला तर जुळेना. ग्लिन म्हणाला, रंग दिल्यावर नक्षी तशी हलल्यासारखी दिसते. मला माहीत नव्हतं. अँब्रोजला विचारणार होतो, पण जावयाच्या कामावर शंका घेतल्यासारखं होईल. अजून बरंच शिकायचं आहे.”

तिनं वही मिटली. “त्याला कळलं होतं, टँडी. चौदा महिन्यांत त्याला कळत होतं. आणि गावभर लोक त्याला नवशिक्या म्हणतात.” मग ती उठली, कारण बस वळणावर दिसली होती. “सोमवारी मी पोलिसांकडे जाणार. तोवर तुम्हाला घरात काय बोलायचं ते बोलून घ्या.”

ग्लिनचं दुकान चर्चमागच्या गल्लीत होतं. शनिवारी सकाळी टँडी गेला तेव्हा तो एका नळीला कानस लावत होता. कानशीचा आवाज एकसारखा, लांब, न थबकणारा. टँडी दारात उभा राहून ऐकत राहिला. डोळे मिटले असते तर त्याला वाटलं असतं, आपणच काम करतोय. ग्लिन सोळाव्या वर्षी त्याच्याकडे उमेदवारीला लागला होता. पुढे मॅविसशी लग्न करून घरचा झाला, तरी टँडीला तो हाक मारायचा उस्ताद म्हणूनच.

“या उस्ताद. मॅविस बाजारात गेलीय. चहा टाकू?”

“कर्नलच्या नळ्या किती घासल्यास?” टँडीनं विचारलं.

कानस थांबली. ग्लिननं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. कदाचित महिनाभर तो या प्रश्नाचीच वाट बघत होता. त्यानं ती कानस फडक्यावर आडवी ठेवली.

“चौदापर्यंत गेल्या.”

“वीसला का थांबला नाहीस?”

“एक खड्डा राहिला होता.” ग्लिन स्टुलावर बसला. “खड्डा ठेवून नळी परत देणारा कारागीर नव्हे, कल्हईवाला. कुणाचे शब्द आहेत हे?”

टँडी म्हणाला, “मला येऊन सांगायचं होतंस.”

“तुम्हाला?” ग्लिन म्हणाला आणि त्याला हसू आलं. वाईट हसू होतं ते. “एकोणीस वर्षांचा होतो मी. एका नळीची पट्टी माझ्या हातून जळली. तुम्ही त्या नळ्या दाराशेजारी टांगल्यात, खडूनं माझं नाव घातलंत. अकरा महिने. गिऱ्हाईक आलं की आधी ते वाचायचं आणि मग मला बघायचं. मी रोज त्याच्याखालून आत यायचो. आणि म्हणे तुम्हाला येऊन सांगायचं.”

मग त्यानं सगळं सांगितलं. थांबत, पाणी पीत. नळ्या वाया गेल्या हे कळलं त्याच आठवड्यात सिरिलची बंदूक दस्त्यासाठी दुकानात आली. त्याच हातची, त्याच जोडीतली, आणि तिच्या नळ्या निरोगी. कर्नल शनिवार आला की शंभर बार काढणार. त्या नळ्या त्याच्या हातात दिल्या तर माणूस मरणार हे नक्की. सिरिल मात्र बार काढत नसे. सगळ्या गावाला माहीत होतं, तो बंदुका पुसतो, चितारतो आणि पुन्हा टांगतो. तिथं त्या नळ्या शंभर वर्षं राहिल्या असत्या आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. एकेक अंक, एकेक सोन्याची रेघ त्यानं तीन आठवडे बसून बदलली. आयुष्यात इतकं सफाईचं काम आपण केलं नाही, असंही तो बोलून गेला.

“त्याला नुसतं सावध करायचंस,” टँडी म्हणाला. “काहीही कारण सांगून. एक वाक्य पुरलं असतं.”

“दोनदा गेलो होतो त्याच्याकडे. ऑगस्टमध्ये. दोन्ही वेळा त्यानं केक कापला, वही काढली. पानोपानी तुम्ही. अँब्रोज असं म्हणाला, अँब्रोजनं शाबासकी दिली.” ग्लिननं मान वर केली. “तिथं बसून मी काय सांगणार होतो, उस्ताद? आणि चौदा महिने ज्यानं चापाला बोट लावलं नाही, त्याच्या हातात काडतुसं येतील हे मला कसं कळावं? कुणी दिली त्याला?”

“मी,” टँडी म्हणाला.

ग्लिनला हे ठाऊक नव्हतं. तो टँडीकडे बघतच राहिला. मग टेबलाच्या कडेवर कपाळ टेकून तो रडू लागला, आवाज न करता, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे टँडीला ठरवता आलं नाही. इतक्यात पुढच्या दाराची घंटी वाजली. बाजाराच्या पिशव्या घेऊन मॅविस आली होती.

५

ग्लिन सोमवारी स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला. एनिडही तिथं पोचली होती. दोघं एकाच बाकावर तासभर बसून होती, असं नंतर सार्जंटनं सांगितलं.

मार्चमध्ये श्रूजबरीच्या कोर्टात खटला उभा राहिला. जाणकार साक्षीदार म्हणून सरकारी वकिलानं टँडीलाच बोलावलं, कारण त्या कामातलं त्याच्याइतकं कळणारं त्या भागात दुसरं कुणी उरलं नव्हतं. नळ्या हातात घेऊन तो बोलला: काय भरलं, काय ठोकलं, कशानं घासलं. हे काम किती कौशल्याचं आहे, असं वकिलानं विचारलं. टँडीनं खरं ते सांगितलं. ते सांगितल्यानं ग्लिनची शिक्षा वाढली. इतकं कौशल्य असलेल्या माणसाला परिणाम ठाऊक होते, असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. पाच वर्षं.

सिरिलच्या मृत्यूचा आधीचा निकाल रद्द झाला. नव्या कागदावर त्याची कसलीही हयगय नव्हती असं लिहून आलं. एनिडनं तो कागद पबच्या मालकिणीला वाचायला दिला, पोस्टात दिला, चर्चमध्ये दिला. लोकांनी तो वाचून परत केला. आता ते गाव ग्लिनबद्दल बोलत होतं, सिरिलबद्दल कुणालाच काही म्हणायचं नव्हतं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मॅविसनं बापाला गाठलं. चार महिन्यांत ती त्याच्याशी बोलली नव्हती. दुकान बंद झालं होतं आणि ती नणंदेकडे, स्वान्सीला निघाली होती. तिनं आवाज चढवला नाही.

“बाबा, एक विचारते. तो तुमच्या हाताखाली अकरा वर्षं होता. जावई होऊन त्याला नऊ वर्षं झाली. त्याला एकदा तरी म्हणालात का, ग्लिन, हे चांगलं झालं म्हणून?”

टँडी आठवू लागला. सिरिलनं पहिल्यांदा जाडी बरोबर मोजली तेव्हा आपण त्याच्या पाठीवर थाप मारली होती, हे त्याला लगेच आठवलं. ग्लिनच्या मागे उभं राहून त्याची कानस चालताना बघितल्याचंही आठवलं, कितीतरी सकाळी. हा आपल्यापेक्षा पुढे जाणार असं वाटल्याचं, आणि ते वाटून छाती भरून आल्याचं. स्तुतीनं हात ढिला पडतो, असं त्याच्या स्वतःच्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं. मॅविस थांबली होती. खरोखरच वाट बघत होती.

“मनात म्हणायचो,” तो म्हणाला.

“मनातलं त्याला ऐकू जायचं नाही, बाबा,” मॅविस म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

परतीच्या बसमध्ये एनिड त्याच्या शेजारी बसली, कारण त्याला गावापर्यंत सोबत करणारं दुसरं कुणी नव्हतं. टँडीनं मनात पत्र जुळवलं. फार लांब नव्हतं. ग्लिन, तू केलेलं ते अकरा नंबरच्या बंदुकीचं काम, आणि त्याआधीचं ते पोर्तुगीज गिऱ्हाईकाचं, मी दोन्ही रात्री घरी जाऊन तुझ्या सासूला सांगितलं होतं, असं सुरू होणारं. पण त्याला आता लिहिता येत नव्हतं. रेघ कुठं संपते तेच दिसत नसे. कुणाकडून तरी लिहून घ्यायला हवं होतं.

एनिडच्या मांडीवर पर्स होती. तिच्यात पेन असणार, हे त्याला माहीत होतं. लडलोचा थांबा आला, गावाचा फाटा आला, बस थांबली. एनिडनं त्याला हात दिला आणि पायरी दाखवली. टँडीनं तिला पत्राचं काहीच सांगितलं नाही.